सिंकसमोरची पावलं

हे मी कोणाजवळच बोललेली नाही. ह्यांच्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. एकदा माहेरी रोहण्याला गेले होते तेव्हा बहिणीजवळ बोलायचं ठरवलं होतं, अगदी मनाची तयारी करून गेले होते. तर तिने बसल्या बसल्या वांग्यांवरच्या किडीचं काढलं, आणि मी तासभर वांग्यांवरच बोलत राहिले. सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटत होतं. तसंही नाही म्हणा. तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा उठून भाजी फोडणीला टाकली.

गोष्ट एका नळीची आहे. हसू नका. भांडी घासायच्या मशीनमागून निघते ती करड्या रंगाची, वळ्यावळ्यांची नळी – मशीनमधलं खरकटं पाणी बाहेर टाकणारी. ती सिंकखालच्या पाइपाला नीट जोडायची असते. एवढंच काम. नंतर एका माणसाने माझ्यासमोर ते बारा मिनिटांत केलं. मी घड्याळ पाहिलं होतं.

आधी माझ्याविषयी सांगते, कारण त्याशिवाय हे कळायचं नाही. आमच्या पिपरी मेघेच्या घरात मिस्त्री मीच. फ्यूज उडाला, मिक्सर अडला, नळाचा वायसर गेला – हे हाक मारणार ती मला. बाबांच्या विहिरीवरची मोटर बाबा स्वतः खोलायचे आणि पाने-पकडी हातात द्यायला मी बसलेली असायची, तिथून हे वेड. लग्नानंतर महिनाभरात मी सासरचा गळका नळ दुरुस्त केला, तर सासूबाई आल्यागेल्याला तो नळ दाखवायच्या. मला ते फार आवडायचं. आजही कोणी म्हटलं ना, ‘तुला काय, सगळंच येतं’, की मान जरा ताठ होते. तुमची होत नाही का? पण तुमच्या त्या ताठ मानेखाली कोणी दबलं नसेल.

मशीन लेकीने पुण्याहून पाठवलं. ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर. सासूबाईंना – मी त्यांना आईच म्हणत असे – ते काही केल्या पटेना. मशीनचं दार उघडून आत डोकावून म्हणाल्या, “भांडे काय कपाटात कोंडून धुवाचे असतात काय वो?” सुमन, आमच्याकडे चौदा वर्षं भांडी-झाडू करणारी, तिने कमरेवर हात ठेवून मशीनची उलटतपासणी घेतली. “बाई, हे गंजाची करपट काढते काय?” मी म्हटलं, करपलेलं पातेलं नाही निघत याच्यात. “मंग मले काही भेव नाई,” असं म्हणून ती हसत मागच्या नळावर निघून गेली. सुमन अशी होती. आमच्या घरात माझ्याशी असं कोणीच बोलत नसे, आणि मला तिचं तेच आवडायचं.

मशीन बसवायला नागपूरहून माणूस आला. त्याने सिंकखालचं दार उघडून टॉर्च मारला आणि मान हलवली. आमच्या सिंकचा पाइप तुमच्याही घरी असतो तसाच – वरून खाली येतो आणि जमिनीतल्या जाड पाइपाच्या तोंडात नुसता खुपसलेला. तो म्हणाला, “मॅडम, याच्यात साइडनं नळी लावाले जागाच नाई. जोड आना लागन. सणानंतर येतो मी. तवरोक नळी वरून सिंकमंदी सोडून नळाले बांधून ठेवजा. खाली पाइपात नका खुपसू बिलकूल, पानी जोरानं येते, नळी बाहेर फेकते.”

इतकं स्पष्ट. त्याने बोट दाखवून सांगितलं. मला कळलं नव्हतं, असं म्हणायला त्याने जागाच ठेवली नाही.

आता महालक्ष्म्यांचं घर तुम्ही पाहिलं असेल. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, पंगतीवर पंगत. नणंद सेलूहून आदल्या दिवशीच आलेली, ह्यांचे भाऊ आणि जाऊबाई आलेल्या. आणि माझ्या स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, नळाला सुतळीने बांधलेली ती नळी सिंकमध्ये लोंबणार? जाऊ म्हणणार, हे काय वहिनी, अर्धवटच का? मला ते सहन होईना. केवढी क्षुल्लक गोष्ट! मी त्या सकाळी आंघोळीआधी ओट्याखाली शिरले. जमिनीतल्या पाइपाच्या तोंडात सिंकच्या पाइपाशेजारी नळी दाबून बसवली, उरलेल्या फटीत आईंच्या जुन्या सुती लुगड्याची चिंधी कोंबली, वरून काळी टेप गुंडाळली. रिकामं मशीन एकदा चालवून पाहिलं. हात लावला तर सगळं कोरडं. नागपूरच्या माणसाला मनातल्या मनात टोमणाही मारला – म्हणे जोड लागतो.

त्याच दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे लक्ष्मीची पावलं मुठीने उमटवतात. तांदळाच्या ओल्या पिठात मुठीची कड बुडवायची, जमिनीवर टेकवायची, वर बोटाच्या टोकाने पाच टिंबं. फाटकापासून देवघरापर्यंत, मग कोठीत, मग स्वयंपाकघरात चूल आणि पाणी असेल तिथपर्यंत. ती पावलं आईच उमटवायच्या. मूठ लहान त्यांची, पावलंही नाजूक यायची, एखाद्या आठ वर्षांच्या पोरीची असावीत तशी. सिंकसमोर शेवटची दोन. महालक्ष्म्या जाईपर्यंत त्या पावलांवर पोछा मारायचा नाही. बाजूबाजूने झाडून घ्यायचं, बस्स. हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सुमनला तर माझ्याहून जास्त माहीत, ती पावलांच्या कडेने अशी चालायची की पदराचाही स्पर्श होऊ नये.

मी लांबण लावते आहे, कळतंय मला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकायला दुपारचे तीन झाले. मोठी भांडी सुमनने मागच्या नळावर घासली, स्वयंपाकघरातून आतबाहेर करत. ताटं-वाट्या मी मशीनमध्ये लावल्या, जावेला दाखवत दाखवत. सुमन गेली. मी बटण दाबलं आणि बाहेर बैठकीत येऊन बसले. सगळे पंख्याखाली लवंडलेले. त्या दिवशी सिंकमध्ये किती आंबील, किती भात गेला असेल – पाइप तुंबत आलेला असणार. मला मात्र आतून मशीनची घरघर ऐकू येत होती आणि छान वाटत होतं. आई उठल्या, म्हणाल्या, “चहा मांडतो वो मी, तू बस आता जराशी.” मी बसले.

पडल्याचा आवाज मोठा नव्हता. पातेलं पडल्याचा मोठा होता.

सगळ्यांत आधी मी पोचले. आई सिंकसमोर एका कुशीवर, पाय विचित्र वळलेला, आणि तिथल्या फरशीवर पाणी. कोमट, बुळबुळीत, मशीनच्या साबणाचा वास असलेलं. ओट्याखालच्या दाराच्या फटीतून अजून येत होतं. सिंकसमोरची दोन्ही पावलं गेली होती.

आणि मी काय केलं? हेच मला सांगायचं होतं, ह्याच्याचभोवती मी मघापासून फिरते आहे. मी आईंकडे नाही गेले. मी आधी मशीनचं बटण बंद केलं. आई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या अंगावरून ओलांडून गेले आणि बटण बंद केलं. आवाज थांबला. मग मी ओरडले, “अहो, आई पडल्या!”

सगळे धावत आले. ह्यांनी आणि भाऊजींनी आईंना उचललं. नणंद दारातच थिजली. तिचं लक्ष फरशीकडे गेलं. “पावलं कोनं पुसले? पोछा कोनं मारला इथं?”

मी म्हटलं, “सुमननं पुसलं असन.”

एवढंच. ‘असन’ म्हटलं, बघा – पुसलंच आहे असंही म्हटलं नाही. त्या एका शब्दाच्या आडोशाला मी कितीतरी दिवस बसले. मी कुठे आरोप केला? मी फक्त अंदाज सांगितला. माणूस स्वतःशी किती बारीक वकिली करतो!

ते सगळे आईंना घेऊन दवाखान्यात गेले. महालक्ष्म्या बसलेल्या, दिवा तेवत ठेवायला घरात कोणीतरी हवं. मी थांबते म्हटलं. सगळ्यांना ते किती समजूतदारपणाचं वाटलं! घर रिकामं झाल्यावर मी ओट्याखाली शिरले. नळी पाइपाबाहेर लोळत होती, टेप सुटलेली, चिंधी मागे भिंतीशी जाऊन पडलेली. मी सगळं पाणी टिपलं. नळी परत खुपसली, चिंधी परत कोंबली. मशीन सुरू केलं नाही. मग तांदळाचं पीठ कालवलं आणि सिंकसमोर पुन्हा दोन पावलं उमटवली.

माझी मूठ आईंच्या मुठीहून मोठी आहे. ओळीतली बाकीची पावलं नाजूक आणि शेवटची दोन थोराड. मला ते तेव्हाच दिसलं होतं. पुसून पुन्हा काढावीत तर किती वेळा पुसायची? तशीच राहू दिली. मखरातल्या दोघी पुढच्या खोलीत होत्या, तरी मी त्यांच्याकडे पाठ करून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन आली तेव्हा नणंदेने तिला दारातच गाठलं. सुमनचा चेहरा मला अजून दिसतो. तिला आधी कळेचना. मग म्हणाली, “ताई, पावलावर कोन पोछा मारते वो? मी त मांगच्या नळावर होती. बाईले इचारा.” आणि आत माझ्याकडे पाहिलं. मग तिची नजर सिंकसमोरच्या दोन पावलांवर गेली, तिथून मागच्या ओळीवर, परत त्या दोन पावलांवर. बराच वेळ. माझ्याकडे मात्र तिने पुन्हा पाहिलं नाही.

मी म्हणाले, “जाऊ दे ताई, आता सणासुदीचं नको.” मोठ्या मनाची दिसले मी. नणंदेने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि मी निर्माल्य गोळा करत राहिले.

आईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दवाखान्यात चौथ्या की पाचव्या दिवशी, मी त्यांना पेज भरवत होते, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्या छताकडे बघत म्हणाल्या, “पानी कोमट होतं वो.”

पोछ्याच्या बादलीत कोमट पाणी कोण घेतं? नळाचं थंड पाणी असतं. त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी चमचा पुढे केला आणि म्हटलं, “तुमाले भास झाला असन, आई.” त्यांनी तोंड उघडलं, पेज घेतली. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. ह्यांच्याजवळ नाही, लेकीजवळ नाही, नणंदेजवळही नाही. का काढला नाही? खरंच भास वाटला असेल? की माझी लाज राखली? हे मी त्यांना विचारू शकत होते. आठ महिने त्या माझ्या हातची पेज खात होत्या, माझ्या हातून कूस बदलत होत्या. “तू किती करतं वो माह्यासाठी,” म्हणायच्या. मी खूप केलं, हे खरं आहे. सगळी कॉलनी सांगेल तुम्हाला.

नागपूरचा माणूस जोड घेऊन आला तेव्हा आई आतल्या खोलीत अंथरुणावर होत्या. त्याने ओट्याखालून चिंधी ओढून काढली. “हे कोनं कोंबलं मॅडम?” मी म्हटलं, पहिल्यापासूनच असेल. त्याने चिंधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती माझ्या हातात ठेवली. मग नळी आधी वर, ओट्याच्या फरशीपर्यंत नेऊन बांधली – सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये परत येऊ नये म्हणून – तिथून खाली आणली, जोडात घातली, क्लिप आवळली. बारा मिनिटं. “आता हालनार नाई,” म्हणाला. खरंच अजून हललेली नाही.

सुमनचं पुढे काय झालं, तेही ऐका. नणंद बोलायला मोकळी. ‘हिनं लक्ष्मीची पावलं पुसली अन् म्हातारी पडली’ – दोन गल्ल्यांत झालं. त्या दिवाळीला तिला कोणी बोलावलं नाही. मग संक्रांतीलाही नाही. एकेक घर सुटत गेलं. शेवटी ती सेलूला बहिणीकडे राहायला गेली आणि तिथल्या मंगल कार्यालयात पातेली घासायला लागली. वाकून वाकून तिची कंबर गेली, असं ऐकते. कोणी सांगितलं की मी ‘अरेरे’ म्हणते.

उन्हाळ्यात आई गेल्या. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. मी ओट्याशी एकटी उभी होते, मशीन चालू होतं. मागच्या दाराशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून वळले. सुमन. वाळून गेलेली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच थांबली. मी तिला बस म्हणाले, ती बसली नाही. मला वाटलं, आता ही बोलणार. त्या दोन थोराड पावलांविषयी बोलणार. आणि खरं सांगू? क्षणभर मला बरंही वाटलं. म्हटलं, बोल बाई. तूच बोल, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

ती म्हणाली, “बाई, मीच पुसलं असन.”

मी हातातला फडका ओट्यावर ठेवला.

“सारेच म्हनते त असन. पहिले मले पक्कं वाटे का मी नाई मारला पोछा. आता आठवूनच नाई राह्यलं. किती आठवतो, पन मले आता पोछाच दिसते हातात.” मग खाली बघत म्हणाली, “म्हातारी माय माह्यापायी गेली. येक डाव सांगून टाकाव म्हनलं.”

माझेच शब्द होते ते. मीच ‘असन’ म्हटलं होतं, आणि ते गल्लीगल्लीतून फिरून तिच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. चौदा वर्षं पावलांच्या कडेकडेने चालणारी बाई, आणि तिच्या डोक्यातली खरी दुपार मी काढून घेतली होती. त्या जागी माझी ठेवली होती. मागे मशीनने पाणी टाकायला सुरुवात केली, पाइपातून तो घरघर आवाज आला. सुमन माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. एक वाक्य. बाहेर सगळे होते, नणंद होती, हे होते. एका वाक्यात तिला तिची दुपार परत देता आली असती.

मी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “जाऊ दे सुमन. मनाले नको लावून घेऊ. आईनं तुले माफ करून टाकलं होतं. मले सांगून गेल्या त्या.”

ती माझ्या पाया पडली. रडली. मग पदराने नाक पुसलं, “लय मोठं मन होतं मायचं,” म्हणाली आणि मागच्या दारानेच गेली.

त्याला आता पाच महालक्ष्म्या होऊन गेल्या. पावलं मीच उमटवते. सेलू इथून काही लांब नाही, नणंदेकडे वर्षातून चारदा जाणं होतं आणि मंगल कार्यालय रस्त्यातच लागतं. मी गाडीची काच वर करते. मशीन रोज चालतं, आणि ते पाणी टाकायला लागलं की मी हातातलं काम सोडून सिंकसमोर अनवाणी उभी राहते, फरशी कोरडी आहे ना ते तळव्यांना कळेपर्यंत. हे म्हणतात, तुला त्या मशीनचा भारी लळा.

आईंनी सुमनला माफ केल्याचं कधीही म्हटलं नव्हतं. सुमनचं नावसुद्धा त्यांनी पुन्हा घेतलं नाही. आई एवढंच म्हणाल्या होत्या, की पाणी कोमट होतं.